भोलू हत्तीचं २ रुपयांचं नाणं खरंच लाखाला जातं का?

आमच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका परवा संध्याकाळी दार वाजवून थेट आतच आले. एका हातात फोन, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट. "तू या नाण्यांच्या भानगडीत असतोस ना? मग हे बघ." मूठ उघडली तर तळहातावर २ रुपयांचं एक नाणं, वापरून मऊ झालेलं. फोनवर फॉरवर्ड आलेला: 'रेल्वेचा हत्ती असलेलं हे नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती!'

काकांना लखपती व्हायची घाई नव्हती, पण आपण मूर्ख ठरतोय का याची खात्री करून घ्यायची होती. तो प्रश्न रास्त आहे. दर काही महिन्यांनी बातमी येते की अमुक निमित्ताने ७५ रुपयांचं, १०० रुपयांचं नाणं निघालं. मग लगेच प्रश्न सुरू होतात. १०० चं नाणं दुकानात चालतं का? ते हजारो रुपयांना कसं विकतात? आणि आपल्या डब्यातल्या नाण्याला सोन्याचा भाव का येत नाही? काकांचंच नाणं हातात घेऊन हे उलगडू.

आधी नाणं नीट बघू

एका बाजूला अशोकस्तंभ आणि किंमत. दुसऱ्या बाजूला गार्डच्या वेशातला हत्ती, सोंडेत नव्हे, हातात कंदील धरलेला. हा भोलू. रेल्वेच्या दीडशे वर्षांच्या सोहळ्यासाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तो बनवला आणि पुढे तो रेल्वेचाच कायमचा झाला. भोवती भारतीय रेल्वेची १५० वर्षं आणि १८५३–२००३ ही सालं.

सोहळा कशाचा, हे मराठी माणसाला सांगायला नको. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी निघाली ती ठाण्याला. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. आज आपण लोकलच्या दारात लोंबकळत ज्या मार्गाने जातो, त्याच मार्गाने.

अशा नाण्याला स्मारक नाणं म्हणतात, म्हणजे एखाद्या घटनेची, माणसाची किंवा कामाची आठवण म्हणून पाडलेलं. (नाणं 'छापत' नाहीत, 'पाडतात'. नोट छापतात.) स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मृतीत निघालेल्या ५० पैसे आणि १ रुपयाच्या नाण्यांपासून सुरू झाली. १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं नाणं तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भाजी घेताना नकळत देऊनही टाकलं असेल.

एकाच निमित्ताची दोन नाणी

सगळा घोळ इथून सुरू होतो. रेल्वेच्या दीडशे वर्षांसाठी २ रुपयांचं नाणं निघालं, तसंच १०० रुपयांचंही निघालं. निमित्त एकच, पण दोघांची कुळी वेगळी.

२ रुपयांचं नाणं म्हणजे त्या काळातलं नेहमीचं नाणं, फक्त मागचं चित्र बदललेलं. तांबं आणि निकेलचा मिश्रधातू, वजन ६ ग्रॅम, आणि अंधारातही बोटांना कळावा असा अकरा कोनांचा आकार. हे बँकांमार्फत बाजारात आलं आणि रिक्षावाल्याकडून टपरीवर, टपरीवरून दानपेटीत असं फिरत राहिलं.

१०० रुपयांचं नाणं फिरण्यासाठी जन्मालाच आलं नाही. ४४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे जवळजवळ चकलीएवढं. वजन ३५ ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. टांकसाळीत आगाऊ नोंदणी करून, पेटीत घालून, संग्राहकांना विकण्यासाठी केलेलं. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेलं ७५ रुपयांचं नाणं याच मापाचं आणि याच धातूचं होतं. अलीकडच्या काही नाण्यांत शुद्ध चांदीही वापरली जाते.

काकांच्या मुठीत होतं ते पहिलं. फॉरवर्डमध्ये भाव सांगितला होता तो दुसऱ्याच्याही पलीकडचा.

एका नाण्याच्या तीन किमती

वानखेडेवरच्या २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचं तिकीट कुणी जपून ठेवलंय असं समजा. त्या तिकिटावर एक किंमत छापलेली आहे. रद्दीवाल्याकडे दिलं तर कागदाची एक किंमत येईल, ती जवळपास शून्य. आणि एखादा क्रिकेटवेडा ते विकत घ्यायला तयार झाला तर तो देईल ती तिसरी किंमत. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिघींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

नाण्याचंही तसंच. त्यावर लिहिलेली ती दर्शनी किंमत. वितळवलं तर जे निघेल ती धातूची किंमत. संग्राहक देतो ती हौसेची किंमत. नाण्यांबद्दलचा कुठलाही गोंधळ घ्या, कुणीतरी यातल्या दोन किमतींची सरमिसळ केलेली सापडेल.

'पण १०० रुपयांचं नाणं हजारोंना विकायचं, ही सरकारी लूट नाही का?'

हा आक्षेप मला दर वेळी ऐकू येतो, आणि तो घेणारा माणूस बहुधा नाण्यावरच्या आकड्याकडे बघत असतो. गणित करू. ३५ ग्रॅमच्या नाण्यात निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. चांदी किलोला १ लाख रुपये धरली तर नुसत्या चांदीचे १,७५० रुपये झाले. १०० रुपयांना ते विकलं तर पहिल्या दिवशी सोनारांची रांग लागेल. त्यावर घडणावळ, पेटी, माहितीपत्रक, कर आणि टांकसाळीचा नफा. म्हणून किंमत धातूपेक्षा चढीच असते.

मग '१००' हा आकडा कशाला? कारण आकडा नसेल तर ते पदक होईल, नाणं होणार नाही. नाणं पाडण्याचा हक्क फक्त केंद्र सरकारचा, आणि नाणं म्हटलं की त्याला दर्शनी किंमत हवीच. २०११ च्या नाणे कायद्याने तिची कमाल मर्यादा १,००० रुपये ठेवली आहे. त्या मर्यादेला टेकलेलं नाणंही आहे: तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली त्या निमित्ताचं १,००० रुपयांचं. अभियांत्रिकीच्या कौतुकाचं नाणं म्हणायचं तर ते रेल्वेच्याही आधी घ्यायला हवं. क्रेन नसताना त्या शिखरावर एवढा दगड चढवला गेला.

साध्या नाण्यात मात्र हिशोब उलटाही होऊ शकतो. १ रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येतो, असं २०१८ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं होतं. तरी सरकार ते पाडतं, कारण नोट दोन-तीन पावसाळ्यांत लगदा होते आणि नाणं दशकानुदशकं टिकतं.

टांकसाळीत काय होतं?

मुंबईत फोर्टला, रिझर्व्ह बँकेच्या समोर खांबांची एक जुनी इमारत आहे. रोज हजारो लोक तिच्यासमोरून जातात, पण वर बघणारे थोडे. ही मुंबईची टांकसाळ, १८२९ पासूनची. वाफेच्या इंजिनांवर चालणारी यंत्रं इथे आली तेव्हा बोरीबंदरच्या गाडीला अजून चोवीस वर्षं होती. मुंबईने वाफेचं इंजिन रुळांवर बघितलं त्याच्या कितीतरी आधी ते इथे नाणी पाडत होतं. रेल्वेच्या नाण्याबद्दल बोलताना ही गोष्ट मला भोलूपेक्षा जास्त आवडते.

नाणं पाडणं म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातल्या उकडीच्या मोदकाच्या साच्यावरून कळेल. उकड साच्यात दाबली की ती प्रत्येक कळीत शिरते, आणि साचा उघडला की पाकळ्या उमटलेल्या असतात. नाण्यात उकडीच्या जागी धातूची कोरी चकती, आणि साच्याच्या जागी पोलादाचे दोन ठसे, एक खाली, एक वर. भोवती एक कडं, म्हणजे धातू बाजूला पसरत नाही. या कड्याला आतून दाते असतील तर नाण्याची कड दातेरी होते. १०० च्या चांदीच्या नाण्यावर असे २०० दाते असतात. चांदीसोन्याच्या नाण्यांच्या कडा कानशीने घासून चूर गोळा करणारे लोक पूर्वी होते. दाते गेलेले दिसले की चोरी उघडी पडायची. आज त्याची गरज उरलेली नाही, पण सवय उरली आहे.

उकड मऊ असते, धातू नसतो. म्हणून चकती आधी भट्टीत तापवून नरम करतात. पुण्याच्या तांबट आळीत कारागीर हेच करतात: ठोकून ठोकून तांबं आडमुठं झालं की हंडा पुन्हा भट्टीत, मग पुन्हा ठोकणं. नरम झालेल्या चकतीवर मग प्रचंड दाब येतो. चांदीच्या मोठ्या नाण्याला तो शंभराहून जास्त टनांचा असतो. क्षणभर धातू उकडीसारखा वागतो आणि ठशाच्या बारीकसारीक रेषेत शिरतो.

साधं नाणं एका फटक्यात पडतं, मिनिटाला शेकडो. संग्राहकांसाठीचं सर्वांत चांगलं नाणं ज्या प्रकारे करतात त्याला प्रूफ म्हणतात. त्यात ठसाही चकचकीत घासलेला, चकतीही घासलेली, आणि सावकाश एकापेक्षा जास्त वेळा दाब दिलेला. नाण्याची जमीन आरशासारखी होते आणि चित्र तेवढं दुधी, धुक्यासारखं उठून दिसतं. ते बोटांनी धरायचं नसतं, कडेने उचलायचं. एकदा अंगठ्याचा ठसा बसला की तो जन्मभर राहतो. हौशी नातेवाईक 'बघू बघू' करत हात पुढे करतात तेव्हा संग्राहकाच्या काळजाचं काय होतं ते विचारू नका.

मापाचीही मेख असते. भोलूच्या नाण्याचा व्यास २६ मिलिमीटर. तेवढ्यात पूल, बोगदा किंवा इंजिनाचे दांडे दाखवायचे म्हणजे चित्रकाराला जवळजवळ सगळंच सोडून द्यावं लागतं. फार उंच उठाव दिला तर दाब पुरत नाही, आणि मागच्या बाजूच्या चित्राला धातू कमी पडतो. ब्रिटनच्या २ पौंडांच्या १९९७ सालच्या नाण्यावर उद्योगयुगाचं प्रतीक म्हणून एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांचं वर्तुळ होतं. चाकं १९. शेजारची दोन चाकं नेहमी उलट दिशांना फिरतात, त्यामुळे विषम संख्येचं बंद वर्तुळ फिरूच शकत नाही, जागच्या जागी अडकतं. अभियांत्रिकीचा गौरव करणारं यंत्र, आणि ते चालतच नाही! तिथल्या चिकित्सक लोकांनी ते अचूक हेरलं.

'दुकानदार घेईल का?'

२ रुपयांचा भोलू घ्यायलाच हवा. चित्र वेगळं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. १० रुपयांच्या नाण्यांबद्दल अशीच अफवा इतकी पसरली की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला: १० रुपयांची १४ वेगवेगळ्या रचनांची नाणी आहेत आणि सगळी वैध आहेत. त्यातल्या बऱ्याच रचना स्मारक नाण्यांच्याच.

चांदीच्या १०० ची गोष्ट वेगळी. ते सरकारने कायद्याखालीच पाडलेलं असतं, पण रिझर्व्ह बँक ते व्यवहारासाठी बाजारात आणत नाही. वाण्याने ते घेतलं नाही तर त्याच्यावर रागावू नका, त्याने ते आयुष्यात पाहिलेलं नसतं. आणि खरं सांगायचं तर १०० रुपयांच्या सामानासाठी त्याच्या कितीतरी पट किमतीची चांदी देणाऱ्या गिऱ्हाइकाकडेच त्याने काळजीने बघायला हवं.

'निदान चांदी म्हणून तरी गुंतवणूक चांगली ना?'

नुसती चांदीच हवी असेल तर सराफाकडचं शुद्ध चांदीचं बिस्किट बरं. जुन्या स्मारक नाण्यात निम्मा भाग तांबं-निकेल-जस्त असतो आणि त्याचे तुम्हाला शून्य रुपये मिळतात. चांदी वेगळी करायची तर नाणं वितळवून गाळणं आलं, आणि मुळात भारतात नाणं वितळवणं हाच गुन्हा आहे. नाणे कायद्यात त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. हा नियम कागदी नाही. २००७ च्या सुमारास आपली नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि तिथे त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या येत होत्या. धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली की हे होणारच.

टांकसाळीला मोजलेली चढी किंमत परत मिळेलच याचीही खात्री नसते. ती मिळते पुढच्या हौशी माणसाकडून, तो भेटला तर. अमेरिकेत १९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणारा प्रचंड पूल झाला. त्या निमित्ताने चांदीचं अर्ध्या डॉलरचं नाणं निघालं, एका बाजूला अस्वल आणि दुसऱ्या बाजूला पूल. पुलाजवळ टपऱ्या टाकून ते गाडीत बसल्या बसल्या विकत घेता येईल अशी सोय केली होती. एवढं करून सुमारे १ लाख नाण्यांपैकी २८ हजारांहून जास्त खपलीच नाहीत आणि टांकसाळीत परत जाऊन वितळली. त्या काळातल्या एका मोठ्या पुलाची ही कथा, आणि तीही दाराशी येऊन विकलेल्या नाण्याची.

'मग लाखाची नाणी नसतातच का?'

असतात. पण ती दुर्मीळ असतात, जुनी किंवा सुंदर असून भागत नाही. टांकसाळीने फार थोडी पाडली, चुकीच्या चकतीवर पाडली, किंवा कुठल्या एका टांकसाळीचा एखाद्या सालाचा ठसा क्वचितच आढळतो, अशा वेळी भाव चढतो. आपल्या देशात चार टांकसाळी आहेत आणि सालाच्या खाली त्यांची खूण असते: मुंबईची पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकाता सर्वांत जुनी म्हणून मिजाशीत, ती खूणच करत नाही. काकांना मी भिंग दिलं आणि सालाखाली काय आहे ते शोधायला सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढची पाच मिनिटं लखपतीपणाचा विषय निघाला नाही.

दुर्मीळ असून नाणं झिजलेलं असेल तरी भाव पडतो. लिंबू-चिंचेने घासून चकचकीत केलेलं असेल तर विचारूच नका. हे पुण्य आपल्या घरोघरी दसऱ्याला केलं जातं. संग्राहक जुन्या नाण्यावरचा काळसर थर जपतात आणि आपण तो पितांबरीने घालवतो.

भोलूचं २ रुपयांचं नाणं यातल्या कुठल्याच कारणात बसत नाही. ते भरपूर पाडलं गेलं आणि भरपूर वापरलं गेलं. नाणेप्रदर्शनात विक्रेते अशी नाणी वाटीत ढीग घालून ठेवतात आणि शाळकरी मुलं त्यातून हव्या त्या सालाची निवडतात.

फॉरवर्डमधला पुढचा भाग काकांनी नंतर दाखवला. 'नाण्याचा फोटो पाठवा, नोंदणी शुल्क भरा, रक्कम खात्यात जमा होईल.' खाली रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्हही होतं. ही फसवणूक इतकी वाढली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं: जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नसतो, त्यासाठी कुणाला नेमलेलं नाही, आणि आमच्या नावाने कुणी शुल्क किंवा कर मागितला तर देऊ नका. ओळखायची खूण सोपी आहे. खरा खरेदीदार तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही.

नाण्यावर घाट का नाही?

हा आक्षेप काकांचा नाही, माझा. दीडशे वर्षांच्या अभियांत्रिकीचं नाणं, आणि त्यावर कंदील धरलेला गोंडस हत्ती. बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग मोठा खराच, पण तो बहुतेक सपाटीवरचा. खरी परीक्षा नंतर आली, भोर घाटात, म्हणजे खंडाळ्याच्या घाटात. १८५६ ते १८६३ अशी जवळपास सात वर्षं सह्याद्रीचा कातळ फोडला गेला. सुमारे २४ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरची चढण आणि २५ बोगदे. एका टप्प्यावर ४० हजारांहून जास्त मजूर कामावर होते. पटकी, ताप आणि कड्यांवरून पडून हजारो मेले. त्यांची नावंसुद्धा उरली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. ते अर्धवट काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने अंगावर घेतलं आणि पूर्ण करून दाखवलं.

हे सगळं २६ मिलिमीटरमध्ये मावणार नाही, हे कळतं. तरी एक बोगदा, कातळातली एक कमान मावली असती असं मला वाटत राहतं. काका म्हणाले, "हत्तीच बरा. बोगदा म्हणजे नाण्याला भोक पडल्यासारखा दिसला असता." यावर मला उत्तर सुचलं नाही.

ते नाणं काकांनी परत खिशात टाकलं. पुढच्या आठवड्यात ते गावी चाललेत, रात्रीच्या गाडीने. कृष्णेच्या पुलावर गाडी आली की काकू त्यांना उठवतात आणि दोघं खिडकीतून नदीला एक नाणं टाकतात. वर्षानुवर्षं. रेल्वेचं नाणं रेल्वेतून नदीत. गेल्या वीस वर्षांत त्यांच्या हातून पाण्यात गेलेल्यांपैकी किती भोलू होते, ते कुणी मोजलेलं नाही.